पटावरची मोटर

आमच्या घरी शर्यतीची एक जुनी मोटर आहे. दोन माणसांची जागा, वर छप्पर नाही. नवऱ्याने ती तरुणपणी एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. नागभीडजवळच्या आमच्या गावात हिवाळ्यात शंकरपट भरतो, बैलजोड्या धावतात. शेवटची जोडी धावली की नवरा त्याच वाटेवर ही मोटर एकदा पळवतो. लोक त्यासाठी थांबतात. मला त्यात विशेष काही दिसत नाही, पण मीही थांबते.

यंदा मुलाने ट्रॅक्टर घेतला. तो ठेवायला त्याला मोटरीची जागा हवी होती. पटावर चालली तर राहील, नाही तर भंगारात जाईल, असं तो बापाला म्हणाला. चार माणसांसमोर नवरा हो म्हणून बसला.

पट तोंडावर आला आणि इंजिन बंद पडलं. टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप काम करेना. उघडला तर आतला पडदा चिरलेला. तो पडदा खालीवर झाला तरच पेट्रोल पुढे जातं. आमच्याकडे कशालाही सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावतात, फवारणीच्या पंपाला, बादलीच्या कडीला, चपलेला. नवऱ्याने पडद्याच्या मापाची ट्यूब कापली. पेट्रोलात ती फुगेल, असं मी म्हटलं. त्याने मला भात बघायला सांगितलं. इंजिन अंगणात छान चाललं, म्हणून मी गेले भात बघायला.

पटाच्या दिवशी मोटर मैदानापर्यंत नीट गेली. जोड्या संपेपर्यंत उभी राहिली आणि मग सुरूच होईना. नवऱ्याने पंप पुन्हा उघडला. ट्यूबचा तुकडा भिजल्या पापडासारखा लोळत होता. तो बोनेटला हात टेकून उभा राहिला. मुलगा लांबून बघत होता. हसत नव्हता, एवढं खरं.

मग नवऱ्याने एक डबी मागून आणली, तिच्यात पेट्रोल भरलं आणि नळी सरळ इंजिनाला जोडली. डबी उंच धरली की पेट्रोल आपोआप उतरतं, पंप लागत नाही. पण चालवणाऱ्याला ती धरता येत नाही, आणि बाकीचे मागे सरकले. मी पदर खोचून शेजारी बसले.

"सांडलं तं दोघंही जळू," मी म्हटलं.

"मंग नीट धर."

मोटर पळाली. तोंडात धूळ गेली, हात भरून आला. पण वाटेच्या टोकाला झेंडी घेऊन निकाल देणाऱ्या झेंडीवाल्यापर्यंत पोचलो. मुलगा मागून आला.

"माय, हे काई चालनं नाई. पंप तं बंदच हाय."

मागच्या पटात तो स्वतः जोडी हाकत होता. अर्ध्या वाटेवर छकड्यावरून घसरला आणि एका हाताने त्यालाच लोंबकळत आला होता.

"तू लोंबकळत आला होता. तुही जोडी झेंडीवाल्यानं पास केली का नाई?"

"केली."

"मंग हे बी पास."

झेंडीवाल्या म्हाताऱ्याने मान डोलावली. पटावर त्याचं कोणी मोडत नाही, मुलानेही मोडलं नाही.

आता ट्रॅक्टर कडुनिंबाखाली ताडपत्री घालून उभा असतो. नवऱ्याने नागपूरहून पंपाचा खरा पडदा आणून बसवला. उरलेली ट्यूब मी विळ्याच्या मुठीला गुंडाळली. तिथे ती टिकली आहे.