भरतीच्या वेळचं हिअरिंग

सन १९५८, वैशाखी अमावास्या. जागा: पनवेलजवळचा खाडीकाठचा बांध. हजर: मी (मामलेदार), तलाठी, जमीनमालक नानाशेट, त्यांचं कूळ पोशीबाय, तिचा दीर आणि पाच साक्षीदार.

पाचही जण एकच सांगत होते. "शेती शेट स्वतः करतात. पोशीबाय मजुरीला येते." पाचही जण नानाशेटचीच शेतं कसत होते. दुसरं काय सांगणार?

कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायची होती. पण मालकच कसतो असं ठरलं, तर पोशीबायचं कुटुंब उघड्यावर. कचेरीत दोन तारखांना हाच पाढा ऐकला, म्हणून हिअरिंग शेतावर ठेवलं.

"शेट, नांगर कोण धरतं?"

"मजूर. नावं कोण लक्षात ठेवतो, साहेब?"

"माजा दादला याच शेतात राबून गेला, रावसाब," पोशीबाय म्हणाली. "मजुरीवर नाय."

भरती चढत होती. इथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. जो शेत कसतो, त्याने आपल्या वाट्याचा बांध राखायचा, ही खारपाटातली, म्हणजे या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, रीत. खारं पाणी आत शिरलं की भातशेती गेली.

तेवढ्यात खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार शेतात सुटली. नानाशेट ताडकन उठले.

"अगं पोशे, बघतेस काय? तुझ्या वाट्याच्या बांधाला बीळ पडलंय! उतर खाली!"

ती आणि दीर आधीच उतरले होते. चिखल, पेंढा, वर पायाचा दाब. धार थांबली.

मी विचारलं, "शेट, तिचा वाटा कसा? जमीन तुम्ही कसता ना? मग उतरा."

नानाशेटनी धोतराचा सोगा सावरला. "आम्ही कधी उतरलोय का चिखलात?"

"तलाठी, हे वाक्य लिहून घ्या."

साक्षीदारांतला सगळ्यांत म्हातारा खो खो हसला. "शेट, तुमीच साक्ष दिलीत. आता आमी कशाला खोटं बोलू?"

पाचही जबाब फिरले. जमीन पोशीबायची, अशी ऑर्डर मी तिथेच दिली. ती अंगठा उठवायला पुढे आली.

"आधी हात धुवा," तलाठी म्हणाला.

"कशाला? याच जमिनीचा चिखल हाय ना?"

तेव्हापासून खारपाटातलं प्रत्येक हिअरिंग मी भरती बघून ठेवतो. जबाब लवकर आटपतात.

एक काम राहिलंय. हा बांध सरकारने दगडात बांधून द्यावा, असा रिपोर्ट तेव्हाच वर पाठवला. स्मरणपत्रंही गेली. बांध अजून मातीचाच आहे.