सलग पट्टी

“बघू दे की तिला. इंग्रजी शाळेतली हाय म्हणून काय झालं? हात हलका हाय पोरीचा.”

पडद्याच्या पलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी ड्रेसिंगचा ट्रे धरून अलीकडे उभी होते. आत मामा एका म्हाताऱ्याची समजूत घालत होते. त्याला पोरीच्या हातून पायाची जखम धुऊन घ्यायची नव्हती. मला कामावर लागून आठवडा झाला होता, आणि माझ्याविषयी कुणी चांगलं बोललेलं पहिल्यांदाच माझ्या कानावर पडलं होतं. मी आत गेले. मामांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मामा म्हणजे शाहूपुरीतल्या आमच्या बारा खाटांच्या हॉस्पिटलातले ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या करायच्या, हेच त्यांनी तीस वर्षं केलं होतं. शिक्षण चौथी. उचगावहून सायकलवर यायचे. त्यांना मामा सगळेच म्हणत, डॉक्टरसुद्धा. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात पाहिला असेल. पाटीवर नाव एकाचं असतं आणि पेशंट दारातून आत येताच शोधतात दुसऱ्यालाच.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. नर्सिंगसुद्धा इंग्रजी पुस्तकांतून शिकले. चारचौघांत बोलायचं तर आधी मनात इंग्रजी वाक्य तयार व्हायचं, मग त्याचं मराठी करायचं, आणि तेवढ्यात विषय बदललेला असायचा. गॉजची, म्हणजे पट्टीच्या जाळीदार कापडाची, माहिती मला पानभर लिहिता आली असती. मामांनी मात्र थानातून एक तुकडा कापला आणि खिडकीसमोर धरला.

“पलीकडचं काय दिसतंय?”

“टांगा.”

“मग ही वल्या जखमंला. पू पिती ही. आता ही बघ.”

दुसऱ्या तुकड्यातून नुसता उजेड दिसत होता.

“ही दाट. ही वरनं झाकाय. दोगींची अदलाबदल करायची न्हाई.”

गॉज त्यांच्या लेखी बाईमाणूस होती. कापलेली कड नेहमी आत दुमडायची, कारण “सुटलेलं सूत आत ऱ्हायलं तर जखम इचारती, हे पावणं कुठलं आलं?” उघड्या जखमेवर कापूस ठेवायचा नाही. सुकून चिकटलेली पट्टी ओढायची नाही, मिठाचं पाणी सोडून थांबायचं. “पिऊ दे तिला पाणी. आपुनहून सुटंल.” थांबायच्या त्या वेळात मामा पेशंटला खासबाग मैदानातल्या कुस्त्या सांगायचे. कुस्ती चितपट व्हायच्या आधी पट्टी निघालेली असायची, आणि पेशंट विचारायचा, “मग फुडं काय झालं?”

गुऱ्हाळं सुरू झाली की उकळता रस अंगावर उडालेली माणसं येत. त्यांच्यासाठी व्हॅसलीनमध्ये भिजवलेली गॉज असे. मामा तिला ‘तुपातली’ म्हणत. एका गुळव्यानं तेवढ्या वेदनेतही विचारलं, “तूप गाईचं का म्हशीचं?”

मामा गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टरचं.”

मी मोठ्यानं हसले. हॉस्पिटलात मी हसलेली ती पहिली वेळ.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम खोल जखमेचा. गळू कापलं की आत पोकळी राहते. ती वरून मिटून आत पू साठू नये म्हणून गॉज भरावी लागते. “तुकडं कोंबायचं न्हाईत. एकच सलग पट्टी, आन् शेपूट भायेर. काढताना एक टोक धरलं की सगळी भायेर आली पायजे.” हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की मला ते त्यांच्याच आवाजात आठवतं.

गडमुडशिंगीचा एक दूधवाला होता. इंजेक्शन पिकून त्याच्या मांडीवर गळू झालं होतं. सायकलवर बसता येत नव्हतं, म्हणून कॅन लावलेली सायकल हातानं ढकलत आला. डॉक्टरांनी गळू कापलं आणि मामांनी पोकळी भरली. मी तेव्हा दुसऱ्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी ती पट्टी काढायचं काम माझ्याकडे आलं.

पाणी सोडून थांबले. शेपूट धरलं. पट्टी सहज आली. पण तिचं आतलं टोक मला विचित्र वाटलं. कात्रीनं कापल्यासारखं सरळ नव्हतं. पीळ पडलेलं, चुरगळलेलं होतं. मी ते चिमट्यात धरून मामांकडे नेलं.

“मामा, हे टोक असं का आहे?”

बाहेर बाकावर वीस माणसं होती. मामा एका पोराचं कोपर धूत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. “आली की सगळी. टाक बादलीत.”

मी टाकली.

आठ-दहा दिवसांनी दूधवाला तापानं फणफणत आला. जखम वरून मिटत आली होती, आत ठणकत होती. डॉक्टरांनी पुन्हा उघडली आणि चिमट्यानं आतून काळपट, घाण वास येणारा गॉजचा तुकडा ओढून काढला. त्याच्याही एका टोकाला तसाच पीळ होता. डॉक्टरांचं लक्ष टोकाकडे नव्हतं. त्यांनी तो ट्रेमध्ये टाकला.

“ही कुणी काढली होती?”

मामांनी ट्रे उचलला. “भरताना मी सलगच भरलेली. काढली हिनं. मला काय दाखवलं न्हाई.”

माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्य तयार झालं. मराठी झालं नाही. टेबलावर पडलेला दूधवाला मान वळवून म्हणाला, “ताई, आता तुमी हात लावू नगासा.” त्यात राग नव्हता. नुसती विनंती होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी मला केसपेपर लिहायच्या टेबलावर बसवलं. माझं अक्षर चांगलं होतं.

संध्याकाळी मामा टेबलापाशी आले.

“त्या दिशी लांब पट्टी संपलेली गं. दोन आखूड घेतल्या, गाठ मारली. ध्यानातनंच गेलं बघ. पुवात गाठ सुटली आसंल.” मग आवाज अजून खाली गेला. “डॉक्टर शिकलेला माणूस बघाय लागल्यात माझ्या जागी. मला या वयात कोण घेणार? उद्या सांगतो त्यास्नी. आईशप्पत सांगतो.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरांच्या खोलीत गेले, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. ते औषधाची यादी घेऊन बाहेर आले. असं बरेच दिवस चाललं. ते माझ्यासाठी शेतातल्या ओल्या शेंगा आणायचे आणि टेबलावर ठेवून निघून जायचे. मी त्या खायचे. स्वतःचा सगळ्यात जास्त राग मला त्यासाठीच येतो.

नव्या मुली आल्या. मामांनी त्यांनाही गॉज खिडकीसमोर धरून दाखवली. सलग पट्टीचा नियम सांगताना आता ते एक गोष्ट जोडू लागले. “एका पोरीनं अर्धी आत ठेवलेली. मरता मरता वाचला बिचारा.” आधी ते नुसतं ‘एक पोरगी’ म्हणत. पुढे सांगताना माझ्या टेबलाकडे हात करू लागले. मी केसपेपरवर नावं लिहीत राहिले. दोन वर्षं मी एकही जखम धुतली नाही.

मामा गेल्या वर्षी उचगावात वारले. हॉस्पिटलातले सगळे अंत्ययात्रेला गेले. मी नाही गेले. आमचं बोलणं ते निवृत्त झाले त्या निरोपाच्या दिवशीच संपलं होतं.

त्या दुपारी डॉक्टरांनी चहा आणि भडंग मागवलं होतं. मामांना कोल्हापुरी फेटा बांधला होता. तो सैल झाला होता, सारखा कपाळावर उतरत होता, आणि मुली हसत होत्या. बरेच जुने पेशंट आले होते. दूधवालाही आला होता. दोन शब्द बोला म्हटल्यावर मामा उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“चुका सगळ्यांच्याच हातनं हुत्यात. या पोरीच्या हातनं बी झाली. पर मी हिला सांभाळून घेतली. कामावरनं काढू दिली न्हाई.”

ते नाटक करत नव्हते. मी त्यांचा चेहरा ओळखत होते. इतक्या वेळा सांगून त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. गाठ कुणी मारली ते आता त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

टाळ्या पडल्या. दूधवाल्यानं माझ्याकडे बघून समजुतीनं मान हलवली. माझ्या हातात भडंगाची बशी होती. ती मी खिडकीत ठेवली. या वेळी मनात आधी इंग्रजी वाक्य आलंच नाही.

“गाठ तुम्ही मारली होती, मामा. आणि टोक मी तुम्हाला दाखवलं होतं.”