ओळंब्याबाहेरचं घर

कॅनडात, मिसिसागाला तीस वर्षं मी कॉन्डो इमारतींच्या भिंती तपासल्या. भिंत जरा ओळंब्याबाहेर दिसली की माझं डोकं फिरतं. आणि माझी एकुलती एक मुलगी वर्षभराच्या कामासाठी फ्रान्समधल्या रुआँ शहरात गेली, ती पाचशे वर्षांपूर्वीच्या लाकडी घरात तिसऱ्या मजल्यावर राहू लागली. वर्ष संपत आलं तशी ऑफिसने तिला, पुढेही राहतेस का, असं विचारलं. ती विचारात पडली. मला ती घरी हवी होती.

व्हिडिओ कॉलवर तिच्यामागची खिडकी पहिल्यापासून एका अंगाला कललेली दिसायची. मी म्हणायचो, फोन सरळ धर. ती म्हणायची, फोन सरळच आहे.

आता मी ते घर मनावर घेतलं. तिला दोरीला कुलूप बांधून ओळंबा करायला लावला, खुर्चीवर उभं केलं. भिंत तीन इंच बाहेर. स्वयंपाकघरात जमिनीवर लिंबू ठेवलं, तर ते आपलं आपण फ्रिजखाली गेलं.

"बाबा, रिलॅक्स. घर प्रोटेक्टेड आहे," ती म्हणाली. "परमिशनशिवाय इथे खिळासुद्धा मारता येत नाही."

म्हणजे डागडुजीही नाही. मी उखडलोच.

बायको म्हणाली, "अहो, घराला कशाला नावं ठेवताय? पोरीशिवाय करमत नाही म्हणून सांगा की सरळ." मी म्हटलं, हा सेफ्टीचा प्रश्न आहे. करमत नव्हतं हे खरंच होतं, पण ते रिपोर्टात कसं लिहिणार?

तीन रविवार मुलीकडून मापं घेऊन मी आकृत्यांसकट अकरा पानी रिपोर्ट तयार केला आणि तिला न सांगता तिच्या घरमालकिणीला पाठवला. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं, भाडेकरूने जागा ताबडतोब सोडावी.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. आता माझी खरडपट्टी निघणार असं वाटलं, पण ती हसत होती. मालकीणबाईंनी रिपोर्ट थेट जुन्या वास्तूंच्या सरकारी कचेरीत नेऊन दिला होता. तिथल्या साहेबांनी येऊन सगळं घर ठोकून पाहिलं. घर दणकट आहे म्हणाले. मात्र इतकी बारीक मापं आजवर कोणी घेतली नव्हती. तेव्हा ती दर महिन्याला घ्यावीत, आणि घेणारा हात एकच असावा, अशी त्यांची विनंती होती. मालकीणबाईंनी लगेच दोन वर्षांचा भाडेकरार मुलीपुढे ठेवला.

"मी साइन केलं," ती म्हणाली. "माझं डिसाइडच होत नव्हतं. तुझ्यामुळे झालं, बाबा."

बायको आठवडाभर माझ्याकडे बघून हसत होती.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुलीचा न चुकता फोन येतो. ती खुर्चीवर चढते, माप वाचते, मी लिहून घेतो. घर केसभरही हललेलं नसतं.

"झालं, बाबा?" ती विचारते.

मी म्हणतो, पुन्हा एकदा घे.