इंटरव्हलमधली शर्यत

चमन मुजावर रीळ पळवायचा. आता असं सांगितलं की नवी पोरं हसतात, चोरीचं होतं का म्हणून विचारतात. चोरीचं कशाला असेल? सिनेमाची प्रत एक आणि टॉकीज दोन. स्टेशनाजवळच्या अंबरला खेळ आधी सुरू व्हायचा, मिरजकर तिकटीपलीकडच्या नवरत्नला पाऊणएक तासानं. अंबरला रीळ संपलं की डब्यात घालायचं, डबा सायकलच्या कॅरेजला ट्यूबच्या पट्टीनं आवळायचा आणि सुटायचं. उशीर झाला की नवरत्नचा पडदा पांढरा, आणि खाली शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांची मोडतोड. कोल्हापूरचं पब्लिक ते, आई-बहीण काढल्याशिवाय गप्प बसतंय होय!

इतक्या वर्षांत चमननं पडदा एकदाही पांढरा पडू दिला नव्हता. तेवढा एकच माज होता गड्याला. बाकी माज करावा असं होतं काय त्याच्याकडं? भाड्याची खोली, बायको खैरुनबी, दोन पोरी. चाळिशी उलटली होती, जरा चढ लागला की छातीचा भाता व्हायचा. दुसरं कुठलं काम हाताला नव्हतं.

बिंदू चौक ओलांडला की वळणावर तानाबाई भुईमुगाच्या शेंगा विकत बसायची. एकटी म्हातारी, तोंडानं फटकळ. उन्हाळ्यात चमनची घंटी ऐकली की ताकाचा पेला घेऊन ती रस्त्यावर येऊन उभी राहायची. चमन उतरायचा नाही. एक पाय टेकवायचा, घटाघटा प्यायचा, पेला तिच्या हातात द्यायचा की चालला पुढं.

"मुडद्या, दम तर खा की," ती म्हणायची.

"मी दम खाल्ला तर पब्लिक मला खाईल, आक्का."

रोजचं हेच बोलणं. एका ईदेला खैरुनबीनं तिला शिरखुर्मा पाठवला, तेव्हापासून ती चमनच्या पोरींची आज्जी होऊन बसली होती.

त्याच कामावर दुसरा गडी कृष्णात, मुरगूडचा, पंचविशीतला. एक जण डबा घेऊन निघाला की दुसरा परत येत असायचा. कृष्णातला या कामाला चमननंच लावलं होतं, कुठल्या बोळातनं घातलं की टांगे आडवे येत नाहीत तेही त्यानंच शिकवलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. काम मिळायची मारामार. अशात एका दुपारी मॅनेजर नेमगोंडा यांनी दोघांना बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं, "मालक म्हणत्यात, रिळाला एकच माणूस ठेवा. कोण ऱ्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

वा रे न्याय! मान कापायची ती कापायची, वर सुरीपण त्यांच्याच हातात द्यायची. पण नेमगोंडांना तरी काय बोलायचं, तेही पगारीच.

दोघं सायकल स्टँडवर येऊन बसले. मी जातो असं कोण म्हणणार? कृष्णातच्या गावी आई अंथरुणाला खिळलेली, चमनच्या घरी तीन तोंडं. शेवटी ठरलं ते रीळवाल्यांच्या रिवाजानं. गावातल्या सगळ्या टॉकीजचे रीळवाले रस्त्यात गाठ पडली की पुढच्या चौकापर्यंत शर्यत लावायचे, हरणाऱ्यानं भजी चारायची. आता नोकरीवरच शर्यत लावायची. दुसऱ्या दिवशी नवरत्नच्या इंटरव्हलमध्ये पुढची दोन रिळं एकदम निघतील, एकेक डबा दोघांच्या कॅरेजला. ज्याचा डबा आधी ऑपरेटरच्या टेबलावर, त्याची नोकरी. चमन मोठा म्हणून इंटरव्हलनंतरचं पहिलं रीळ त्याच्याकडं.

चमननं घरी काही सांगितलं नाही. तानाबाईलाही सांगितलं नाही. सकाळी तिच्यासमोरनं दोनदा गेला, ताकही प्याला. ह्या वयात पोटासाठी पोराबरोबर सायकल पळवायची, हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगणार? लाज वाटली त्याला. आज थांबणार नाही, एवढं बोलला असता तरी पुरलं असतं.

डबे आवळले आणि दोघं सुटले. कृष्णात पहिल्यापासून पुढं. लक्ष्मीपुरीत बैलगाड्यांची गर्दी होती, तिथं चमननं बोळ धरला आणि त्याला गाठलं. बिंदू चौकात दोघं जोडीनं घुसले. चमनच्या छातीत कळ मारत होती, डोळ्यांपुढं पोरी दिसत होत्या. वाट मोकळी व्हावी म्हणून तो घंटी बडवत होता, आणि ती घंटी ऐकून तानाबाई पेला घेऊन रस्त्यावर आली.

ब्रेक चमनच्या हाताखालीच होता. पण दाबला तर कृष्णात पुढं. बाजूनं निघून जाऊ असं त्याला वाटलं. हँडल तिच्या बरगडीत बसलं, म्हातारी मागं कोलमडली आणि गटाराच्या दगडावर तिचं डोकं आपटलं. चमनही पडला. कृष्णात थोडा पुढं गेला होता. त्यानं मागं बघितलं, सायकल टाकली आणि पळत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं.

चमन उठला. आधी त्यानं काय बघितलं असेल? डबा. झाकण निघालं नाही ना, पट्टी तुटली नाही ना.

"चमनभाई, टांगा बघा," कृष्णात म्हणाला.

"रीळ देतो आन् आलोच," चमन म्हणाला आणि टांग मारली.

इंटरव्हल संपायला वेळ होता हो! त्याला काय ठाऊक नव्हतं? पण अंगात मुरलेली सवय आणि पोटाची भीती, दोन्ही एका बाजूला झाल्या.

नवरत्नचा ऑपरेटर आण्णा दारातच उभा होता. चमनचा डबा टेबलावर आला तसा त्यानं पाठीवर थाप मारली. चमन उलटा फिरला तो वळणावर आला. शेंगा रस्त्यावर सांडल्या होत्या. लोक म्हणाले, कृष्णातनं टांग्यातनं सरकारी दवाखान्यात नेली, शुद्धीवर हाय अजून. कृष्णातची सायकल तशीच पडली होती, कॅरेजला डबा. दहा मिनिटांत ते रीळ लागणार होतं.

चमननं तो डबा सोडला, आपल्या कॅरेजला आवळला आणि पुन्हा नवरत्नला गेला. मग पुढचं रीळ होतं, मग त्याच्या पुढचं. कुणीतरी आणायलाच हवं होतं ना, असं तो नंतर खैरुनबीला सांगत बसला. पडदा पांढरा पडला नाही.

खेळ सुटल्यावर तो दवाखान्यात पोचला. कृष्णात व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता, सदरा रक्तानं कडक झालेला. पोलीस येऊन गेले होते. म्हातारी आडवी आली, असं त्यानं त्यांना सांगून टाकलं होतं.

"गेली," तो म्हणाला.

चमन खाली बसला. त्यानं विचारलं, "काय बोलली का?"

"तुमचंच इचारत हुती. चमन बी पडला न्हवं, त्याला कुठं लागलं का, म्हणत हुती. म्या म्हटलं न्हाय आक्का, त्याला कायबी लागल्यालं न्हाय."

चमननं तोंडात पटका कोंबला आणि रडला.

कृष्णातनं शर्यतीचं नाव काढलं नाही. त्याच आठवड्यात तो कबनूरला कापडाच्या मागावर कामाला गेला. तिथं पोटापुरतं मिळालं का, आईचं काय झालं, चमननं कधी चौकशी केली नाही. करायचा धीरच झाला नाही त्याला.

म्हातारीची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेमगोंडांनी चमनला हाक मारली. त्यांना कुणी किती सांगितलं होतं देव जाणे.

"परवा सगळी रिळं एकट्यानं आणलीस म्हणं," ते म्हणाले. "म्हंजे मालक बोलत हुते ते खरंच की. एका माणसात भागतंय."

"जी," चमन म्हणाला, आणि मॅटिनीचं पहिलं रीळ कॅरेजला बांधायला गेला.