काटा ऐंशीवर होता

त्या दुपारनंतर मी कुणाच्याही गाडीत बसलो, की माझी नजर आधी वेगाच्या काट्यावर जाते. गाडी चालवणाऱ्याला वाटते, साहेब वेगाला घाबरतात. मीही तसेच वाटू देतो. खरे कारण मी घरातही कधी सांगितलेले नाही. नोकरीची काही वर्षे बाकी असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हाही 'तब्येत' असेच सांगितले होते.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिरवळ भागातल्या कारखान्यांची पहिली पाळी दुपारी सुटते आणि तासभर महामार्गाच्या कडेला दुचाक्यांची नुसती रीघ असते. अशाच एका दुपारी दुभाजकातल्या फटीतून वळणाऱ्या स्कूटरला पुण्याकडे निघालेल्या एका मोटारीने उडवले. स्कूटरवरची बाई कारखान्यात कामाला होती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

मोटार साधी नव्हती. परदेशी बनावटीची, दांडग्या इंजिनाची, आवाज न करता पळणारी. मालक सांगलीकडचे बागायतदार. चालवणारा माण तालुक्यातला, पंधरा-सतरा वर्षे सैन्यात गाड्या चालवून निवृत्त झालेला. मालकाकडे नोकरीला लागून त्याला दोनच आठवडे झाले होते आणि या गाडीवर तो प्रथमच बसला होता. सर्व्हिसिंगसाठी ती पुण्याच्या शोरूमला न्यायची होती.

तो पळाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बाईच्या डोक्याखाली स्वतःच्या टॉवेलची गुंडाळी ठेवून रस्त्यातच बसून होता.

गाडीचा पुढचा भाग चेपला होता, पण ती चालत होती. आमच्या ठाण्याच्या रिवाजाप्रमाणे हवालदार ती चालवत ठाण्यात घेऊन आला आणि मागून आमची जीप आली. हवालदार जुना माणूस, सातारचाच. चावी टेबलावर ठेवत म्हणाला, "साहेब, त्या काट्याचं काय तरी येगळंच हाय. मी चाळीसनं येत हुतो आन् आपली जीप मागनं बोंबलत येत हुती. तिच्या काट्यावर साठ हुतं म्हणं."

"आपल्या जीपच्या काट्यावर?" मी म्हणालो. "तो तर जीप उभी असली तरी वीस दाखवतो!"

सगळे हसले. हवालदारही हसला. त्या जीपच्या काट्यावर ठाण्यात कुणाचाच विश्वास नव्हता. पंक्चर काढणारासुद्धा त्याची चेष्टा करायचा. मी विषय तिथेच सोडला. माझी चूक इथे झाली. पुढचे सगळे तिच्या पोटातले आहे.

बाहेर दोनशे माणसे जमली होती. महामार्ग अडवायची भाषा सुरू होती. वरून दर दहा मिनिटांनी फोन येत होता. स्कूटरला धडक कुठे बसली आणि ती कुठे जाऊन पडली, ते अंतर आम्ही टेपने मोजले होते. एवढ्या अंतरावरून वेग शंभराच्या खाली नक्की नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मी ड्रायव्हरला समोर उभे केले.

"किती वेग होता?"

"ऐंशी, साहेब. काटा ऐंशीवर हुता."

"खोटं बोलू नको. रस्ता सांगतोय."

"रस्ता काय सांगतोय ते मला न्हाई म्हाईत, साहेब. मी काटा बघून चालवत हुतो. नवी गाडी, मालकाची. ऐंशीच्या वर पाय दाबलाच न्हाई."

मी त्याच्यावर हात उचलला नाही. त्याची गरजच पडली नाही. न्यायालयाने दिलेल्या कोठडीत मी त्याला सतत एकच प्रश्न विचारत राहिलो. पहिल्या दिवशी तो ताठ उभा राहून उत्तर देत होता, अगदी फौजेत देतात तसे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "साहेब, सोमवारी सातारला कागदपत्रं दावायला जायचंय. सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून माझी निवड झाली हाय. माजी सैनिकांच्या जागेतनं. सोमवार चुकला तर जागा दुसऱ्याला जाती."

"खरं सांगितलंस तर बघू," मी म्हणालो.

अशी वाक्ये आमच्या तोंडी बसलेली असतात. त्यात वचन नसते, पण ऐकणाऱ्याला ते वचन वाटते.

रविवारी दुपारी तो म्हणाला, "तुमीच सांगा साहेब. किती म्हणू?"

हे शब्द मी आज प्रथम कागदावर लिहितो आहे. मी म्हणालो, "एकशे वीस."

"एकशे वीस," तो म्हणाला.

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते हे मला ठाऊक होते. पण त्या कबुलीने माझी खात्री पटली, वरिष्ठांची पटली, बाहेरची गर्दी पांगली. मी निष्काळजीपणाचे कलम पुरेसे न मानता सदोष मनुष्यवधाचे लावले. जामीन झाला नाही. सोमवारी तो सातारच्या कारागृहात होता.

पंधरवडा उलटल्यावर ठाण्यात फोन आला. नाव सांगितले नाही. आवाज सांगलीकडचा. "साहेब, त्या गाडीचा काटा रस्त्यावर धरून बघा एकदा. कंपनीचा काटा कवा कमी दावत न्हाई."

फोन ठेवला. मला हवालदाराचे ते चाळीस-साठचे बोलणे आणि आमचे हसणे आठवले.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. त्यांनी आधी ब्रेक, दिवे, चाके तपासली होती. काटा तपासायला त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ते म्हणाले, "फोन करणारा बरोबर बोलतोय. कारखान्यातून येणारा काटा असला तर किंचित जास्तच दाखवेल. कमी दाखवत असेल तर कुणीतरी हात घातलाय."

मालक आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. मालक ताठ माणूस. बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, ही गाडी शंभराच्या वर जातच नाही. पोराला गाडी घेतली ती त्याच अटीवर. कुपवाडला एकजण गाड्यांच्या संगणकाचं काम करतो, त्याच्याकडून मी शंभरचं कुलूप घालून घेतलंय. महिन्यातनं एकदा शेजारी बसून तपासतो. काटा शंभराला टेकला की इंजिन गप होतं."

मुलगा जमिनीकडे बघत होता.

मी मालकांच्या हातात स्टॉपवॉच दिले. गाडी हवालदाराने घेतली, शेजारी मालक, मागे मुलगा आणि मी. एका सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये हवालदाराने काटा बरोबर चाळीसवर धरला. चाळीसने किलोमीटरला दीड मिनिट लागायला हवे. दुसरा दगड गेला तेव्हा एक मिनिट झाले होते.

मालक घड्याळाकडे बघत राहिले. "परत घे," म्हणाले.

परत घेतले. पुन्हा एकच मिनिट. काटा चाळीस, गाडी साठ. मागे न वळताच ते म्हणाले, "किती महिने बसवलंस रं मला असं शेजारी?"

"बाबा, मी सांगणार होतो..."

"त्या ड्रायव्हरला सांगितलं होतंस?"

"नुसती शोरूमला न्यायची होती. मला वाटलं, तो हळूच नेईल."

"हळूच नेली की त्यानं," हवालदार पुढून म्हणाला. "काटा बघून."

कुपवाडचा माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून हजर झाला. फोन त्यानेच केला होता. वर्तमानपत्रात बातमी वाचल्यापासून त्याला जेवण जात नव्हते. "कुलपाला मी हात लावला न्हाई साहेब," तो म्हणाला. "चाक एकदा फिरलं की गाडी किती म्होरं जाते, तो आकडा संगणकात असतो. धाकट्याच्या सांगण्यावरनं तेवढाच कमी केला. मग गाडीलाच वाटतंय आपण हळू पळतोय. थोरल्यांना काटा शंभरावर आडकलेला दिसतोय, धाकट्याला दीडशे पळायला मिळतंय. दोघं खूश. तिसरा कुणी तिच्यावर बसंल, हे डोक्यातच आलं न्हाई."

हिशेब सोपा होता. काट्यावर ऐंशी, म्हणजे रस्त्यावर एकशे वीस. मी अंदाजाने फेकलेला आकडा तंतोतंत खरा निघाला.

मुलावर आणि कुपवाडच्या माणसावर कारवाई झाली. ड्रायव्हर सुटला आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. मला प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात लिहिले होते, 'तपासी अधिकाऱ्यास संशय आल्याने'. ते शब्द माझ्याच केस डायरीतून उचललेले होते. हवालदाराने पहिल्याच दिवशी काय सांगितले, ते मी डायरीत कुठेही येऊ दिले नाही. तोही निवृत्त होईपर्यंत त्याबद्दल कुणाशी बोलला नाही. फक्त नंतर त्या जीपमध्ये माझ्याबरोबर बसला, की काट्याकडे बघायचा आणि मग खिडकीबाहेर.

निवृत्तीनंतर मी माणला गेलो. तो ड्रायव्हर गावाबाहेर मेंढरे राखताना भेटला. सरकारी नोकरी गेली ती गेलीच. ड्रायव्हर म्हणून पुन्हा कुठे लागला नव्हता. मला ओळखून उठून उभा राहिला, तसाच ताठ. मी म्हणालो, "माझं चुकलं. तू खरं बोलत होतास."

"चुकलं कुठं, साहेब? तुमी एकशे वीस म्हणालात, एकशे वीसच निघालं की."

मी तिथेच एका दगडावर बसलो.

"गावात अजून इचारतात, गाडी कितीनं हुती म्हणून. ऐंशी म्हणलं तर हसतात. एकशे वीस म्हणलं तर गप बसतात." त्याने एका मेंढराला हाकलले. "आन् मला बी वाटतं साहेब, इतकी वर्सं गाडी चालवली, काटा सोडून अंगाला कळायला पायजे हुतं. त्या बाईचं तोंड डोळ्यापुढनं जात न्हाई. पण मी खोटं बोललो न्हाई, एवढं कुणाला तरी सांगा."

तपासात आकडा बरोबर येणे आणि माणूस बरोबर ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली की आम्हाला दुसरीही जमली असे वाटते. मोडक्या जीपचा काटा त्या दिवशी खरे बोलत होता आणि आम्ही त्याच्यावर हसलो. त्याच्यावर हसायची सवय होती, म्हणून. बाकी काही कारण नव्हते.

त्याने 'कुणाला तरी सांगा' म्हटले होते. सांगायला मला फार वर्षे लागली. म्हणून नाव न घेता, पण सगळ्यांसमोर लिहितो: काटा ऐंशीवर होता. तो माणूस खरे बोलत होता. एकशे वीस हा आकडा माझा होता.