शिक्षकबंधूचे सोळा खांब

विमलमावशीला आमच्या बिल्डिंगमधले लोक खडूस म्हणतात. मीही म्हटलंय, तोंडावर नाही, पाठीमागे. मी संचिता, सोसायटीची सेक्रेटरी, सात वर्षं झाली. आणि मावशीला हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. त्याची आता लाज वाटते, म्हणून हे लिहितेय.

आमची शिक्षकबंधू सोसायटी ठाण्याच्या नौपाड्यात आहे, १९३८ सालची. तळमजला आणि वर दोन मजले, एकूण नऊ घरं. गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, सागवानी जिना, पायाखाली लाल-पिवळ्या नक्षीच्या लाद्या. भिंती हातभर जाड, त्यातच फडताळं आणि कोनाडे काढलेले, कपाट विकत आणायची कोणाला गरजच पडली नाही. एका शाळेतल्या लोकांनी एकत्र येऊन ही बिल्डिंग बांधली. हेडमास्तर असो नाहीतर शिपाई, सगळ्यांना एकाच मापाचं घर, आणि कोणाला कुठलं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. हेडमास्तरांना निघाला दुसरा मजला. शिपायाला तळमजल्यावरचं पुढचं, हवेशीर घर. तो शिपाई म्हणजे मावशीचे सासरे.

मावशी लग्न होऊन मालवणाकडून या घरात आली. मग वागळे इस्टेटमध्ये बोल्टच्या कारखान्यात लागली, तपासणी खात्यात. तीस वर्षं एकच काम. माप लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर बाजूला. एकदा म्हणे मालक स्वतः खाली आला. ट्रक उभा आहे, केसाएवढा फरक आहे, जाऊ द्या बाई माल. ही म्हणाली, "साहेब, तुम्ही सही करा, मी नाही करणार." मालकाने पण केली नाही. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नवरा गेला, मुलगी नागपूरला, आणि ही एकटी त्याच घरात.

मागच्या वर्षी बिल्डर आला. म्हणजे त्याचा माणूस आला, विकी, जिभेवर साखर घेऊन. बावीस मजली टॉवर, प्रत्येकाला दोनशे फूट जास्त, खाली जिम. आमच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या मजल्यावरच्या ऐश्वर्याला तर कधीपासून ओपन किचन हवं होतं. आम्ही दरवेळी तिला गप्प करायचो, "अगं, सगळं वजन भिंतींवर आहे, भिंत पाडलीस तर वरचं छप्पर खाली येईल." ती म्हणाली, जाऊ दे एकदाची ही बिल्डिंग.

एकट्या मावशीने नकार दिला. शेजारच्या गल्लीतली बिल्डिंग पाडून नऊ वर्षं झालीत. तिथे अजून नुसता खड्डा आहे आणि माणसं भाड्याच्या घरांत. "नवीन घरात माझा फोटो जाईल, मी नाही," मावशी म्हणाली. "मला माझ्या घरात मरायचंय. एवढंच मागतेय मी."

मग विकीने स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आणला. इमारत अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. सभेने तो मंजूर करून महापालिकेला पाठवला की मग कोणाच्या हो-नाहीचा प्रश्नच उरत नाही, सगळ्यांनी बॅगा भरायच्या. बेचाळीस पानं होती. मी फक्त शेवटचं वाचलं आणि 'वाचले' म्हणून सही ठोकली. बाकीच्यांनी तर तेही वाचलं नाही.

मावशीने एक कॉपी मागितली. "इंग्रजीत आहे हो मावशी," मी म्हटलं.

"तीस वर्षं ड्रॉइंगं काय मोडीत वाचत होते?"

पुढचे आठ दिवस ती टेप, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन बिल्डिंगभर फिरत होती. भिंतींवर ठोकायची, कान लावायची. जिन्यात लोक तोंड दाबून हसायचे.

रविवारी सकाळी अंगणात सभा भरली. रिपोर्टवाला इंजिनियरही आला होता. मी ठराव वाचला आणि मावशी उभी राहिली.

"साहेब, पान सतरा. तळमजल्यावरच्या सोळा कॉलमना तडे गेलेत, आतलं लोखंड उघडं पडलंय. बरोबर?"

"हो आजी, फार सीरियस आहे."

"आजी तुमच्या घरी. मला सोळा नकोत. एक दाखवा."

तो हसत उठला. गेटपासून मागच्या विहिरीपर्यंत गेला, जिन्याखाली वाकला, पुन्हा पुढे आला. नुसत्या भिंती. तोवर त्याचं हसू मावळलं होतं. आमच्या बिल्डिंगला एकही खांब नाही हो! कधीच नव्हता. या गृहस्थाने आमच्या दारात पाऊलही न टाकता कुठल्यातरी दुसऱ्याच बिल्डिंगच्या रिपोर्टवर आमचं नाव चिकटवलं होतं. आणि आम्ही? ज्या तोंडाने वर्षानुवर्षं ऐश्वर्याला भिंतींचं पुराण ऐकवलं, त्याच तोंडाने सोळा खांबांना हो म्हटलं. डोळे फुटले होते का आमचे? माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं मला.

"होते हो टायपिंग मिस्टेक," विकी म्हणाला. "नवीन रिपोर्ट देऊ. बिल्डिंग जुनी तर आहेच ना?"

मी रिपोर्ट फेटाळायचं बोलणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "थांब संचिता. माझं संपलं नाही." तिने वहीचा कागद काढला. उत्तरेकडच्या छपराचा वासा वाळवीने खाल्लाय. ऐश्वर्याच्या गॅलरीखालचा लोखंडी आधार सुटलाय. आणि मावशीच्या स्वतःच्या न्हाणीच्या छतातला गर्डर गंजलाय, बोट लावलं की पापुद्रे निघतात.

मी कपाळावर हात मारला. अगं बाई, जिंकलेला डाव!

विकी टुणकन उठला. "ऐका सगळ्यांनी! स्वतःच कबूल करतायत. उद्या डोक्यावर पडला म्हणजे?"

"माझ्या न्हाणीतला आहे, मला माहीत नाही?" मावशीचा आवाज चढला. "हे लपवलं तर या तुझ्या साहेबात आणि माझ्यात फरक काय राहिला? दात किडला तर दात काढतात, मान नाही कापत. सडलंय तेवढं बदला. बाकी भिंतींत मी खिळे ठोकून बघितलेत, खिळा वाकतो."

"आणि काम होईपर्यंत राहणार कुठे?"

"इथेच. टेकू लावा. टेकूखाली आंघोळ करीन."

मग ऐश्वर्याने हळूच विचारलं, "मावशी, आमची गॅलरी किती खराब आहे?"

"काम होईस्तोवर पोराला तिथे सोडू नकोस."

ऐश्वर्याने विकीकडे पाहिलं. "वर्षभर घरी येताय, चहा पिताय. हे एकदाही नाही सांगितलंत?" दुरुस्तीच्या बाजूने पहिला हात तिचा वर गेला. दुसरा माझा. मोजले तेव्हा सहा विरुद्ध तीन. आधी दुरुस्ती, पाडायचं नाव नाही.

विकीने फाईल बगलेत मारली. जिभेवरची साखर विरघळली होती. "पाच वर्षांनी येतो परत. तेव्हा तुम्ही नसाल, आजी."

माझं डोकंच सणकलं. मी खुर्ची मागे सारून उठले, पण मावशीने मला हाताने खाली बसवलं.

"नसेन तर नसेन," ती त्याला म्हणाली. "पण या दारातून जाईन ती चौघांच्या खांद्यावर जाईन. तुझ्या नोटिशीवर नाही."