बाबांनी काय दाबलं

हे मी नंदालाही सांगितलेलं नाही. नंदा माझी धाकटी बहीण, डिचोलीला दिलेली, आणि मला उरलेलं रक्ताचं माणूस ते एवढंच. तिला नाही, तर मग कोणाला? देवासमोर बसतो तेव्हासुद्धा हा विषय मी टाळतो – म्हणजे बघा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या पेडण्याच्या बाजारात समोरासमोर आलो तरी मान खाली घालायची पाळी माझ्यावर येणार नाही.

कुठून सुरुवात करू? मशीनपासून करतो. मशीनबद्दल मला बोलता येतं.

मी पेडण्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घर हळर्णला. लग्न झालं नाही – केलं नाही म्हणा, जमलं नाही म्हणा, आता काय फरक पडतो? शाळा सुटली की माझा जीव कंप्युटरमध्ये. आणि त्यातही लिनक्स – विंडोजच्या जागी घालायची ती प्रणाली. ज्याच्या-त्याच्यासमोर मी लिनक्सचं कीर्तन लावायचो: फुकट, व्हायरस नाही, जुनी मशीनं पुन्हा धावायला लागतात. नंदाच्या नवऱ्याने भिंतीएवढा महागडा टीव्ही घेतला तेव्हा मी त्याची इतकी थट्टा केली की तो बिचारा चहा अर्धा टाकून उठला. उंटावरचा शहाणा म्हणतात ना, तो मी. कोणाचाही कंप्युटर बिघडला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं – 'तुम्ही काय दाबलंत?' शिक्षकांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना. हसत हसत विचारायचो. त्या प्रश्नात मला केवढा मोठेपणा वाटायचा!

आमच्या घरात शाळेने मोडीत काढलेला एक डेस्कटॉप होता. मी त्यात लिनक्स घातलं, त्यावर एक मीडिया प्लेअर बसवला आणि तो टीव्हीला जोडला. घरातल्या चित्रफिती, गाणी, फोटो असं सगळं त्या ॲपमध्ये एका जागी मांडता येतं. टीव्हीवर चित्रांचे चौकोन दिसतात, रिमोटने चौकोन निवडायचा, दाबलं की चित्रफीत सुरू. खरं सांगायचं तर हे मी हौस म्हणून केलं. बाबांसाठी केलं असं नंतर सांगायला लागलो.

बाबा पंप दुरुस्त करायचे. हळर्णपासून इब्रामपूरपर्यंत कोणाच्याही विहिरीवरचा पंप बसला की बाबांना बोलावणं. चालू पंपावर नुसता तळवा ठेवायचे आणि आत काय झिजलंय ते सांगायचे. म्हातारपणी ऐकू कमी यायला लागलं, पण हात तसेच राहिले. त्यांच्या हातावर गावाचा विश्वास होता, आणि त्यांचा स्वतःचाही.

आई गेल्यावर ते गप्प झाले. तेव्हा मला आठवलं – आईच्या काही चित्रफिती आहेत माझ्याकडे. मी नवा कॅमेरा घेतला होता तेव्हा उगाच घेतलेल्या. अकरा होत्या. चवथीतली, म्हणजे गणपतीतली फुगडी, हळदीच्या पानांवर पातोळ्या थापणं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणं. एकीत तर ती कॅमेऱ्याकडे बघून मला ओरडते, 'ता बंद कर आणि जेवक ये!' बस्स, असलंच सगळं. आईचा आवाज तेवढ्यातच राहिला होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. मी प्रत्येक चित्रफितीतला एक फोटो निवडून तिचा चौकोन केला. अकरा चौकोन, अकरा वेळा आई.

बाबांना शिकवायला दोन दिवस लागले. रिमोटला ते घाबरत नव्हते. पंप खोलणारा माणूस. फक्त इंग्रजी वाचता येत नव्हतं. मधूनच काहीतरी विचारणारी पाटी पडद्यावर यायची. म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं – पाटी आली की डावीकडच्या चौकोनावर जायचं आणि मधलं बटण दाबायचं. बाकी विचार करायचा नाही.

हे लक्षात ठेवा. मी तर विसरायचा प्रयत्न करून दमलो.

मग रोज दुपारी जेवण झालं की बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत, त्यांच्या कदेलीत बसायचे आणि आईला लावायचे. शाळेतून परत येताना मला अंगणातच तिचा आवाज ऐकू यायचा. पायऱ्या चढताना क्षणभर खरंच वाटायचं की ती आत आहे. नंदा आली की तीही बघायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, 'दादा, माका एक कॉपी करून दी रे.' मी म्हणायचो देतो, घाई काय आहे? ते मशीन आहे, माणूस नाही मरायला! हे माझे शब्द. तीन वर्षं मी तिला कॉपी दिली नाही.

आता तो गुरुवार. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती. जुनीत काही बिघडलेलं होतं का? काही नाही. पण नवी आली आणि आपल्याकडे नाही, हे मला सहन होत नाही. बाबा देवळात भजनाला गेले होते. मशीनमध्ये डिस्क दोन – एक लहान, तिच्यावर लिनक्स. एक मोठी, तिच्यावर चित्रफिती. आदल्या रविवारी धूळ झाडताना मी त्यांच्या वायरी काढून परत लावल्या होत्या, अदलाबदल करून. त्यामुळे यादीत मोठी डिस्क वर आली होती. मशीनने विचारलं, ही डिस्क पूर्ण पुसू का? मी वाचलं नाही. सवयीने वरची निवडली आणि हो म्हटलं. विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचा म्हणून कानी-कपाळी ओरडणारा मी.

दहा मिनिटांनी कळलं. पुसली गेली होती ती आईच्या चित्रफितींची डिस्क. कॅमेऱ्यातल्या कार्डावर तर मी कधीच शाळेचं स्नेहसंमेलन भरलं होतं. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं.

इथपर्यंतचा गुन्हा कोणीही माफ करेल, नाही का? चूक झाली, माणूस आहे. हे एवढंच असतं तर मी नंदाला कधीच सांगून मोकळा झालो असतो.

पण लहान डिस्क वाचली होती. तिच्यावर त्या ॲपची जुनी यादी होती – चौकोन, फोटो, नावं, कुठली किती वेळा बघितली त्याची नोंद. मी ती यादी उचलून नव्या लिनक्समध्ये ठेवली. ॲप उघडलं, आणि टीव्हीवर अकराच्या अकरा चौकोन आले. आई फुगडी घालतेय, आई पातोळ्या थापतेय. मागे काही नाही, नुसते फोटो. हे मी चुकून केलं नाही. बाबा भजनाहून येतील आणि सगळं जागच्या जागी दिसेल, म्हणून केलं. म्हटलं, रविवारी पुसलेलं परत मिळवायचे उपाय करून बघू, मिळालं तर बोलायचीच गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकाळी बाबांनी मला चहा दिला. मी सांगू शकत होतो. 'आज ते लावू नका' – एवढं तरी? पण मग का म्हणून विचारलं असतं. मी चहा प्यालो, बरा झालाय म्हणालो आणि शाळेत गेलो.

दुपारी स्टाफरूममध्ये फोन आला. बाबा कधी फोन करत नसत.

काय झालं होतं ते मला त्यांच्या पहिल्या दोन वाक्यांत समजलं. त्यांनी आईचा चौकोन दाबला. चित्रफीत जागेवर नाही, तेव्हा ॲपने पाटी दाखवली – ही फाईल सापडत नाही, यादीतून काढून टाकू का? बाबांनी मी शिकवलं होतं तसं केलं. डावीकडे गेले, मधलं बटण दाबलं. आईचा फोटो गेला. घाबरून त्यांनी दुसरा दाबला. पाटी, डावीकडे, मधलं बटण. तोही गेला. मग तिसरा. म्हातारा माणूस एकटा त्या खोलीत बसून एकेक करून –

'अरे, तुझी आवय दिसना रे,' ते म्हणत होते. 'एकएक करून सगळी गेली. माझ्या हातान गेली.'

आणि मी काय बोललो? मी विचारलं, 'बाबा, तुम्ही काय दाबलंत?'

एवढंच. खोटं म्हणावं असं एक अक्षरही त्यात नव्हतं. उत्तर मला माहीत होतं, त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी मी विचारलं. बाबा अगदी हळू म्हणाले, 'मधला दाबलंय. तू सांगलेलास ता.' मी म्हणालो, बरं, बघतो आल्यावर. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? मी हसून सांगितलं, काही नाही, वडिलांनी काहीतरी दाबलंय.

रविवारी मी डिस्क खरवडून काढली. मिळाले ते तुकडे उघडेनात. बाबा मागे उभे होते, खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी धरून, डॉक्टरच्या दारात उभं राहावं तसे. मी मान हलवली.

नंदाला मीच फोन केला. म्हणालो, बाबांकडून चुकून पुसलं गेलं. 'चुकून' हा शब्द घातला, म्हणजे मी त्यांना सांभाळून घेतोय असं दिसावं! ती दुसऱ्या दिवशी आली. दारातच बाबांवर ओरडली, 'कळत नाय तर हात कित्याक लावलात?' आयुष्यात ती त्यांना वर मान करून बोलली नव्हती. मी मध्ये पडलो, तिला गप्प केलं – जाऊ दे, वय झालंय त्यांचं. किती समजूतदार मुलगा! जाताना ती मला म्हणाली, 'दादा, तू होतास म्हणून.' त्या वर्षी चवथीला ती आली नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची माटोळी बाबांनीच बांधली. मी खालून एकेक फळ देत होतो आणि ते दर आवाजाला रस्त्याकडे बघत होते.

मी त्या ॲपमध्ये त्यांच्यासाठी भजनं भरून दिली, जुनी नाटकं भरली. त्यांनी रिमोट परत कधी हातात घेतला नाही. कपड्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तुझ्याकडेच असू दे.

ते तिथेच थांबलं असतं तर! पण हळूहळू त्यांनी सगळ्यावरचाच हात काढून घेतला. इब्रामपुराहून एक जण पंप बघायला बोलवायला आला, त्याला म्हणाले, आता माझ्याच्यान होत नाय, बिघडायचा उगीच. गॅस पेटवायचा सोडला. मी शाळेतून येईपर्यंत चहाविना बसून राहायचे. एकदा भर उन्हाळ्यात आलो तर घामाने निथळत कदेलीत बसलेले, डोक्यावर पंखा बंद. मला बघून उठले, बटणापाशी गेले, बोट वर धरलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, 'दाबू?'

मी म्हणालो, दाबा.

त्यानंतर ते प्रत्येक वेळी विचारायचे. दिवा, पंखा, पाण्याची मोटर. दाबू? आणि मी परवानगी द्यायचो. दीड वर्ष. रोज किती वेळा सांगता आलं असतं मला, कधी हिशेब केलाय? केलाय. म्हणून तर झोप लागत नाही.

का नाही सांगितलं? तुम्ही विचाराल. मला मारलं असतं का कोणी? बाबा मला एक वाकडा शब्दसुद्धा बोलले नसते, मला पक्कं माहीत आहे. उलट हसले असते, की चला, निदान माझा हात तरी चांगला आहे. मला फक्त एवढंच नको होतं, की कंप्युटरातलं सगळं कळणाऱ्या मास्तराने चूक केली असं घरात कोणी म्हणावं. याच्या पलीकडे कारण नाही. शोधून पाहिलं.

शेवटचे काही दिवस बाबा अंथरुणावरच होते. नंदा रोज डिचोलीहून यायची, त्यांच्याशी बेताचं बोलायची, पाय चेपून संध्याकाळच्या आत परत जायची. एका सकाळी ती यायची होती आणि मी त्यांना पेज भरवत होतो. दोन चमचे घेतले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हातात अजून ताकद होती.

'तुझ्या आवयचो आवाज माझ्या हातान गेलो,' ते म्हणाले. 'तू येवढ्या कष्टान लावलेलंस. नंदान बोलूचा सोडला, तिचा काय चुकला नाय. पण तू एक शबूद बोललंस नाय माका. माका माफ कर रे.'

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर शेजारीण अंगण झाडत होती, केरसुणीचा खरखर आवाज येत होता. एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. दीड वर्ष मी ते मनात पाठ केलं होतं, अगदी सोप्या शब्दांत, त्यांना डिस्क-बिस्क कळणार नाही म्हणून.

मी म्हणालो, 'केलं माफ, बाबा. मनाक लावून घेव नका.'

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात छातीपर्यंत उचलले आणि जोडले. मला. मग तोंड उघडलं, आणि मी पुढचा चमचा भरवला.